टोकन घ्या, भाजी तुमची तुम्ही निवडा

गेल्या अंकात आमच्या गावच्या शनिवारच्या फार्मर्स मार्केटबद्दल लिहिताना, माहितीच्या टेबलावर बसून मी सरकारी कार्डावर लाकडी टोकनं देते, असं एक वाक्य ओघात लिहून गेले. पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. बहुतेक डेट्रॉइटच्या आसपासची, आणि एक थेट पुण्याहून. या वेळी जागा सगळी त्यांनाच देते.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा गणपतीच्या वर्गणीतून काही रक्कम गरजू कुटुंबांसाठी बाजूला काढली आहे. शनिवारी बाजारातून ताजी भाजी घ्यायची, पिशव्या भरायच्या आणि जवळच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, नेऊन द्यायच्या, असा बेत आहे. पिशवीत काय काय घालावं, याची यादी द्याल का?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, ट्रॉय

यादी देत नाही, कारण पिशव्या भरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची तळमळ मला कळते आणि रक्कमही चांगली आहे. म्हणूनच ती नीट लागावी असं वाटतं.

पिशवी भरली की काय खायचं ते भरणारा ठरवतो. आपण हौसेने बटरनट भोपळा घालतो. ज्या घरात धड सुरी नाही आणि एकाच हॉटप्लेटवर स्वयंपाक चालतो, तिथे तो आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतो. पालेभाजी तर पँट्रीच्या फ्रिजमध्ये जागा नसली की सोमवारपर्यंत पिवळी पडते. त्याच घरातली बाई स्वतः बाजारात आली, तर वांगं हातात घेऊन देठ बघेल, दाबून बघेल, काटे मोडलेलं बाजूला ठेवील आणि पोराला आवडतो म्हणून मका घेईल. घर तिचं, चूल तिची, तर निवडही तिचीच हवी. आणि शेतकऱ्याला त्याचा पूर्ण भाव मिळायला हवा. या दोन्ही गोष्टी एकदम साधणारी सोय इथे आधीपासून आहे. तुमचे पैसे तिथे घाला.

ती सोय कशी चालते ते सांगते. कमी उत्पन्नाच्या घरांना खाण्यापिण्यासाठी सरकारी मदत मिळते. पूर्वी तिला फूड स्टॅम्प्स म्हणायचे, २००८ पासून त्या योजनेचं नाव स्नॅप. महिन्याचे पैसे एका कार्डावर जमा होतात. आपल्या मिशिगनमध्ये त्याला ब्रिज कार्ड म्हणतात. किराणा दुकानात हे कार्ड सहज चालतं. पण मैदानात टेबल मांडून बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे त्याचं मशीन कुठून असणार? म्हणून सगळ्या बाजाराचं मिळून एक मशीन माहितीच्या टेबलावर असतं. समजा कुणी वीस डॉलरचं कार्ड ओढलं, तर मी तिला एकेक डॉलरची वीस लाकडी टोकनं देते. त्याशिवाय आणखी वीस डॉलरची वेगळ्या रंगाची टोकनं वरून देते. ही दुसरी फक्त फळं आणि भाज्यांसाठी. पहिल्या टोकनांवर ब्रेड, अंडी, मध, चीजही घेता येतं, गरम तयार पदार्थ मात्र नाही. टोकन उरलं तर पुढच्या शनिवारी चालतं. बाजार उठताना शेतकरी आपल्या डब्यातली टोकनं मोजून देतात आणि बाजार त्यांना तेवढे डॉलर देतो. भाव कुठेही पाडलेला नसतो.

ही वेळ का आली, तेही मंडळात सांगा. जुनी कागदी कूपनं होती तेव्हा शेतकरी ती हातोहात घेत. पुढे कागद गेला, कार्ड आलं, आणि २००४ पर्यंत देशभर कार्डच झालं. मोकळ्या मैदानात ना फोनची लाइन, ना वीज. त्यामुळे ज्यांच्या घरी ताज्या भाजीची सर्वांत जास्त गरज होती, तीच गिऱ्हाइकं बाजारातून तुटली. एक मशीन आणि लाकडी टोकनं हा त्यावर निघालेला तोडगा. वरची दुप्पट टोकनं २००९ मध्ये डेट्रॉइटच्या मोजक्या बाजारांत सुरू झाली. अ‍ॅन आर्बरच्या फेअर फूड नेटवर्क या संस्थेचा तो उपक्रम, नाव डबल अप फूड बक्स. आज तो कितीतरी राज्यांत पसरला आहे.

आता तुमच्या वर्गणीचा मुद्दा. २०१४ च्या फार्म बिलात, म्हणजे केंद्राच्या शेतीविषयक कायद्यात, अशा दुप्पट टोकनांसाठी केंद्राने पैसे ठेवले आणि २०१८ च्या बिलात ती योजना कायम केली. अट अशी की केंद्राच्या पैशाच्या बरोबरीने संस्थेने बाहेरून पैसा उभा करायचा. म्हणजे तुमच्यासारख्यांनी दिलेली रक्कम या बाहेरच्या पैशात धरली गेली, तर तिच्यामागे केंद्राचाही पैसा येऊ शकतो. पिशव्यांमागे तसा काही येत नाही. जवळच्या बाजाराच्या मॅनेजरला गाठा आणि सरळ विचारा : तुमच्याकडे दुप्पट टोकनांचा निधी कुठून येतो, हंगाम संपण्याआधी तो संपतो का, आणि आमची रक्कम त्यात कशी धरता येईल? मॅनेजर बहुधा एकटाच सगळं सांभाळत असतो, त्यामुळे फोन करण्यापेक्षा मंगळवार-बुधवारी समोर जाऊन भेटा.

निधी हाताशी असणं किती गरजेचं आहे, ते २०२५ च्या नोव्हेंबरात दिसलं. वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि लाखो घरांच्या कार्डांवर त्या महिन्याचे पैसे वेळेवर पडलेच नाहीत.

आणि पैशांखेरीज एक मागणी. बाजारात भाजी शिजवून दाखवण्याचे, चव द्यायचे जे कार्यक्रम व्हायचे, ते बहुतेक स्नॅपच्या आहारशिक्षणाच्या निधीतून. तो निधी २०२५ च्या कायद्याने बंद झाला. तुमच्या मंडळात दहा मिनिटांत कोबीची पचडी करून दाखवणाऱ्या बायका कितीतरी असतील. त्यांना घेऊन या. कोबी, लिंबू, मीठ, वरून फोडणी. कच्चा कोबी इतका चविष्ट लागतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि चव घेतली की पावलं कोबीच्या टेबलाकडेच वळतात.

प्रश्न : काकू, माझा नवरा इथे पीएचडी करतो. मला काम करायची परवानगी नाही. बाळ वर्षाचं आहे, इथेच जन्मलेलं. स्टायपेंडमधून भाडं दिलं की फारसं उरत नाही. फळं घेताना रोज हात आखडतो. आम्हाला काही मिळू शकतं का? आणि खरं सांगायचं तर लाज वाटते, कारण त्याच बाजारात आपली माणसंही येतात.
— एक आई, अ‍ॅन आर्बर

तू लिहिलंस, बरं केलंस.

विद्यार्थी व्हिसावरच्या तुम्हा दोघांना स्नॅप मिळत नाही, हे आधी स्पष्ट करते. पण तुझं बाळ इथलं नागरिक आहे, त्यामुळे त्याच्यापुरता अर्ज करता येतो. तुमचं उत्पन्न हिशेबात धरतात, तुमच्या नावे मात्र काही मागितलं जात नाही.

त्याआधी विकच्या ऑफिसात जा. विक म्हणजे गरोदर आणि बाळंतीण बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठीची आहाराची योजना. इथे नागरिकत्व विचारत नाहीत, उत्पन्न बघतात. मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत असते, आणि स्टायपेंडवर चालणारी बरीच विद्यार्थी कुटुंबं तिच्यात बसतात. विकमध्ये नाव असलं की उन्हाळ्यात फार्मर्स मार्केटची वेगळी कूपनंही मिळू शकतात. मिशिगनमध्ये त्याला प्रोजेक्ट फ्रेश म्हणतात. रक्कम लहान असते आणि कूपनं मर्यादित, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून ठेव. पुढेमागे ग्रीन कार्डचा विचार असेल तर अर्जावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घे. हे नियम सध्या हलते आहेत. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदतीचं केंद्र असतं, तिथे आधी जा.

या कूपनांमागे एक माणूस आहे, त्याची गोष्ट तुला सांगावीशी वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकरी घरातला गस शूमाकर. १९८० च्या उन्हाळ्यात बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात तो भावाचा माल विकायला मदत करत होता. बाजार आवरताना नासपतीचं खोकं फुटलं आणि फळं रस्त्यावर घरंगळली. एक आई दोन मुलांना घेऊन ती वेचू लागली. बोलताना कळलं, की तिला सरकारी मदत मिळत होती, पण ताजी फळं घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. हा माणूस पुढे त्या राज्याचा शेती आयुक्त झाला आणि त्याने आयांसाठी शेतकरी बाजाराची कूपनं सुरू केली. १९९२ मध्ये तीच कल्पना देशाची योजना झाली. तो २०१७ मध्ये गेला, आणि वर सांगितलेल्या केंद्राच्या निधीला आता त्याचं नाव आहे.

राहिली लाज. माझ्या टेबलापुढच्या रांगेत कोण असतं सांगते. रोख न आणलेले लोक क्रेडिट कार्ड ओढून टोकनं घेतात, ते असतात. वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून मिळालेली टोकनं मोडणारे असतात. बाजार कुठे संपतो ते विचारणारे असतात. तू त्या रांगेत उभी राहिलीस तर बाळाला घेऊन आलेली एक बाई, एवढंच कुणालाही दिसेल. कार्ड माझ्याकडे उलटं धरून दिलंस तरी चालतं. रक्कम मी मोठ्याने कधीच म्हणत नाही, कागदावर लिहून दाखवते. आणि आपल्यातलं कुणी बघितलंच, तर त्यातल्या कितीतरी जणांनी आपला विद्यार्थिदशेतला काळ असाच काढलेला आहे.

जुलैत ब्लूबेरी येईल तेव्हा बाळाला घेऊन ये. मिशिगनची ब्लूबेरी त्या सुमारास स्वस्त आणि गोड असते. बाळासाठी प्रत्येक मणी बोटाने चेपून दे, अख्खा देऊ नकोस.

प्रश्न : फार्मर्स मार्केट हे पैसेवाल्यांचं. सुपरमार्केटात त्याच पैशांत जास्त भाजी येते. मग गरिबांना तिथे कशाला पाठवायचं? शिवाय सवलत दिली म्हणून लोक भाजी खातील कशावरून?
— एक वाचक, नोव्हाय

तुमच्या पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे. मे महिन्यात हरितगृहातले टोमॅटो घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होईल. बाजाराचा भाव हंगामाबरोबर उतरतो. मे-जूनमध्ये शतावरीचे कोंब, जुलैत चेरी आणि काकडी, ऑगस्टात मका, टोमॅटो आणि मिरच्या, सप्टेंबरपासून सफरचंदं आणि भोपळे. ज्याचा हंगाम भरात आहे तेच घेतलं तर भाव सुपरमार्केटच्या जवळ येतो, आणि दुप्पट टोकनं धरली तर निम्म्यावर. डागी टोमॅटो वेगळ्या खोक्यात ठेवलेले असतात, त्यांना इथे सेकंड्स म्हणतात. सार, चटणी, भाजीला ते उत्तम. ते टेबलावर मांडत नाहीत, मागावे लागतात.

आणि पाल्याचं काय? बीट घेतलं की शेतकरी विचारतो, "पाला कापून टाकू का?" कितीतरी लोक हो म्हणतात. बीटाचा पाला, मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, हे सगळं त्याच पैशांत येतं. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, बीटाच्या पाल्याची लसूण घालून. आमच्या बाजारातला एक वयस्क शेतकरी टोमॅटोच्या वाफ्यांतलं तण उपटून फेकायचा. एकदा त्याच्या ट्रकमध्ये मला ते दिसलं. लालसर देठ, जाड गुबगुबीत पानं. घोळ! पुण्याला आई ताकातली भाजी करायची तीच. आता तो जुड्या बांधून आणतो आणि डेट्रॉइटच्या बांगलादेशी बायका, मेक्सिकन बायका आणि मी, आमच्यात ती सकाळीच संपते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. स्नॅपच्या पैशांतून खाण्याच्या भाज्यांचं बी आणि रोपं घेता येतात. १९७० च्या दशकापासून ही सोय कायद्यात आहे. टोमॅटोचं एक रोप बाल्कनीतल्या बादलीतही उन्हाळाभर फळं देतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर मोजून झालेलं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये केंद्राच्या शेतीखात्याने प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काही स्नॅपधारक कुटुंबं निवडली आणि फळाभाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीस सेंट कार्डावर परत दिले. बाकीच्यांना काही दिलं नाही. सवलत मिळालेल्यांनी बाकीच्यांपेक्षा सुमारे २६ टक्के जास्त फळं-भाज्या खाल्ल्या. तीस सेंटांत एवढा फरक. मला याचं नवल वाटत नाही, कारण भाजी नको म्हणणारं कुणी माझ्या टेबलाशी येत नाही. येतात ते हिशेब करत येतात.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, मुलाकडे ग्रीन कार्डवर आले आहे. मला त्या कूपनांपैकी काही मिळेल का?
— एक आजी, कँटन

६० वर्षांवरच्या आणि मर्यादित उत्पन्न असलेल्यांसाठी मिशिगनमध्ये मार्केट फ्रेश नावाची कूपनं असतात. तुमच्या काउंटीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात मे महिन्यातच चौकशी करा, लवकर संपतात. मुलाच्या घरात राहता तेव्हा उत्पन्न कसं मोजतील ते तिथेच विचारून घ्या. स्नॅपसाठी ग्रीन कार्डवर साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, आणि नुसत्या भेटीला आलेल्या आईवडिलांना ते मिळत नाहीच. पण आजी, बाजारात मात्र याच. बाकं आहेत, आणि सकाळी आठला सावली असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारच्या मैदानात आठवड्यातून एकदा शेतकरी आठवडे बाजार भरतो. माल ताजा, भाव बरा. पण समोरच्या वस्तीतल्या बायका तिथे फिरकत नाहीत. तुमच्याकडचं टोकन इकडे चालेल का?
— एक वाचक, पुणे

चालेल, पण आधी त्या का येत नाहीत ते त्यांनाच विचारा. मला वाटतात ती कारणं सांगते, ती पडताळून बघा.

वेळ. तुमचा बाजार बहुधा सकाळी भरतो, आणि त्या वेळी त्या तुमच्याच सोसायटीत भांडी घासत असतात. दुसरं माप. आठवडे बाजारात अर्धा किलो, किलो. हातगाडीवर दहा-वीस रुपयांचा वाटा मिळतो. ज्या घरात फ्रिज नाही आणि पैसा रोजचा येतो, तिथे वाटाच परवडतो. तिसरं उधारी. ओळखीची भाजीवाली चार दिवस थांबते, शेतकरी तर निघून जाणार. यातली पहिली दोन कारणं तुम्ही एक पैसा न घालता दूर करू शकता. बाजार संध्याकाळी सातपर्यंत चालवायचा आणि प्रत्येक शेतकऱ्याने वाटे लावायचे.

मग टोकन. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. पोट त्याने भरतं, पण त्यात एक काडी भाजीची नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला रोज दीड किलोच्या वर. पुण्यातला भाजीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, गुणाकार करून बघा. हे अंतर कुणीतरी भरायला हवं, आणि सोसायटीच्या फंडातून थोडं तरी भरता येईल.

माझी शिफारस अशी. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवलं की पुरे, फॉर्म नको, फोटो तर मुळीच नको. बाईने पन्नास रुपये दिले की शंभरची टोकनं द्यायची, दहा-दहाची. तिचे पन्नास त्यात असले पाहिजेत. ती गिऱ्हाईक म्हणून येईल, भाव विचारील, घासाघीस करील, आणि शेतकरीही तिच्याशी तसाच वागेल. टोकन कागदी नको, त्याची नक्कल निघते आणि ते भिजतं. सुताराकडून लाकडी चकत्या करून शिक्का मारून घ्या. त्यावर कुणाच्याही दानाचं नाव नको. फक्त भाजी, फळं आणि कडधान्यं, असं शेतकऱ्यांना आधी समजावून सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचं, बाजार उठायच्या आत प्रत्येक शेतकऱ्याची टोकनं मोजून रोख किंवा यूपीआयने पैसे चुकते करा. एकदा जरी "पुढच्या आठवड्यात देतो" झालं, की तो टोकन घ्यायला का-कू करील, आणि त्याचा अपमान त्या बाईला सोसावा लागेल.

राहिला कायद्याचा मुद्दा. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये राज्याने बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकऱ्याने समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला आडकाठी नाही. जागेची परवानगी महापालिकेकडून घेतलेलीच असेल.

सुरुवात पावसाळा संपल्यावर करा. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, वाटाणा सगळंच उतरतं, आणि टोकनाच्या शंभर रुपयांत पिशवी भरते. जून-जुलैत सुरू केलंत तर भाव चढलेले असतात आणि तुमचा फंड भराभर संपेल. टोकनाच्या टेबलावर सोसायटीतलं कुणी बसवू नका. वस्तीतल्या बचत गटातली एखादी हिशेबाला पक्की बाई बसवा, आणि तिला त्या दिवसाचं मानधन द्या.